पत्र्यापलीकडचा सेमिसी

लेसिएलीबाईंना तुरुंगाची पाद्री व्हायचं होतं. हे खूळ नवरा गेल्यावर त्यांच्या डोक्यात शिरलं, असं गावातल्या बायका म्हणत. म्हणोत बापड्या. शाळेतून निवृत्त झालेली बाई एरवी चटया विणते आणि दुसऱ्यांच्या सुनांना नावं ठेवते. या मात्र धर्मशास्त्राच्या वर्गात मिसरूड फुटलेल्या पोरांच्या शेजारी जाऊन बसल्या. पदविका मिळवली. इस्पितळात मरणाऱ्यांच्या उशाशी कसं बसायचं ते शिकल्या. चर्चच्या मंडळाने तोंड वाकडं करत का होईना, शिफारस दिली. पोलिसांनी चारित्र्य तपासलं, त्यात काय सापडणार होतं? उरली होती एकच गोष्ट. जो कैदी आपणहून बोलावील त्याच्यापाशी बसायचं, त्याचं ऐकायचं आणि ऐकलेलं पोटात ठेवायचं. थोरले पाद्री मोसेसे लांबून बघणार आणि होय की नाही ते सांगणार.

अडचण सगळ्यांना ठाऊक होती. बाईंचा धाकटा भाऊ सेमिसी त्याच तुरुंगात होता. दारूच्या नशेत गाडी हाकताना त्याने रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्याला उडवलं होतं. आमच्याकडे टोंगात बहीण-भाऊ वयात आले की एका छपराखाली बसत नाहीत, मनातलं बोलत नाहीत. बहिणीचा मान मोठा, भावाने नजर खाली ठेवायची. हल्लीची पोरं हे फारसं मनावर घेत नाहीत, पण या घरात ते कडक. दर बुधवारी बाई शिकाऊ म्हणून तुरुंगाच्या फाटकातून आत आल्या की सेमिसी कुणी न सांगता कुदळ उचलून मळ्याच्या टोकाला जाई. बाईंना तो पाठमोरा तेवढा दिसे.

परीक्षेच्या दिवशी फाटकावर लोपेती होता. एके काळचा त्यांचाच विद्यार्थी, आता शिपाई.

"बाई, आज तुमची परीक्षा म्हणे. पाढे तर नाहीत ना?"

"असले तरी तुला नाही विचारणार. तुझा सातवर अडला होता."

लोपेती हसला आणि मग बुटांकडे बघत म्हणाला, "बाई, सेमिसीने बोलावलंय. तुमचं नाव घेऊन."

बाई तडक मोसेसेंकडे गेल्या. "दुसरा कोणी द्या. हा माझा भाऊ आहे."

"इथे कोण कोणाचा भाऊ नाही?" मोसेसे म्हणाले. "नात्यातले वगळत बसलात तर चार कैदी उरतील, आणि त्यातले दोन परदेशी. पाद्रीला निवड नसते, बाई. आज नाही म्हणालात तर मी पुढे काही लिहू शकत नाही."

नाही म्हणावं तर इतकी वर्षं पाण्यात. हो म्हणावं तर आईने लहानपणापासून शिकवलेलं मोडायचं. शेवटी बाईंनीच वाट काढली. सेमिसी अवजारांच्या खोलीत बसला. बाहेर उघड्यावर, पत्र्याच्या भिंतीला पाठ लावून बाई बसल्या. छप्पर एक नव्हतं, तोंडं समोरासमोर नव्हती. मोसेसे आंब्याखाली, दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर.

"मी पाद्रीबाईंशी बोलतोय," पत्र्यामागून आवाज आला. "दुसऱ्या कुणाशी नाही."

"पाद्रीच ऐकतेय."

"ऐकलेलं बाहेर जात नाही ना?"

"नाही."

आत खाकरण्याचा आवाज झाला. मग तो म्हणाला, "गाडी मी चालवत नव्हतो. इसिलेली चालवत होता."

इसिलेली म्हणजे बाईंचा एकुलता एक मुलगा.

"पोलीस यायच्या आत तो म्हणाला, मामा, हे तू घे. भाच्याने मागितल्यावर मामाने नाही म्हणायचं असतं का? लोकांचे भाचे डुक्कर मागतात, होडी मागतात. यानं आजवर काही मागितलं नव्हतं. मी दिलं."

"मग आता का सांगतोस?" बाईंनी विचारलं.

"तो दर शनिवारी येतो आणि नुसता रडतो. माझी शिक्षा संपेल, त्याची कुठे संपतेय? कुणाला तरी ठाऊक असायला हवं. कुणाला सांगू? तुम्हालाच."

बाईंना पत्र्यावर मुठी आपटाव्याशा वाटल्या. भावाचा राग आला, पोराचा त्याहून आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण हे कान त्यांनी हौसेने कमावले होते. आता पाद्री व्हायचं सोडून दिलं तरी ऐकलेलं सुटणार नव्हतं. हे त्या वर्गात पहिल्याच दिवशी शिकल्या होत्या. त्यांनी प्रार्थना म्हटली. आतून "आमेन" आलं आणि कुदळ उचलल्याचा आवाज झाला.

"काय बोलला ते विचारणार नाही," मोसेसे हात पुढे करत म्हणाले. "तुमच्या चेहऱ्यावरून मला काहीही कळलं नाही. हेच बघायचं होतं. झालात तुम्ही पाद्री."

घरी इसिलेलीने स्वयंपाक करून ठेवला होता. अळूच्या पानांत बांधलेलं, नारळाच्या दुधात शिजवलेलं मांस, बाईंच्या आवडीचं. तो किती वाळलाय हे त्यांना आज दिसलं.

"पास?"

"पास."

त्याने ताटं मांडली आणि आपल्या ताटाशी चाळा करत बसला. मग खाली बघत म्हणाला, "म्हणजे आता तुला कुणी काही सांगितलं, तर ते तुझ्यापाशीच राहणार?"

वाटभर बाईंनी याचीच आस धरली होती. त्याने स्वतः सांगितलं की त्यांचं तोंड मोकळं होणार होतं, त्याचा हात धरून पोलिसांत जाता येणार होतं, सेमिसी सुटणार होता. पण पोराला आई नको होती, पाद्री हवी होती. आत्ता नुसती मान हलवली असती तर त्याने सगळं ओकलं असतं आणि तेही असंच आत पडून राहिलं असतं. मान न हलवता गप्प बसून ऐकलं असतं तर ती फसवणूक झाली असती.

"पाद्रीला सांगितलेलं राहतं," त्या म्हणाल्या. "या घरात मी पाद्री नाही, तुझी आई आहे. आईला सांगशील तर आई गप्प बसणार नाही. आता बोल काय ते."

इसिलेलीने त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले.

"काही नाही," तो म्हणाला. पानाचा पुडा सोडून त्याने मोठा तुकडा त्यांच्या ताटात वाढला. "निवतंय. खा."

बाई खाऊ लागल्या.