आवक-जावकचे व्याही

परदेशातून फोन आला की आमच्या कृषी महाविद्यालयाचे आवक-जावक लिपिक महादेवराव आधी डोक्यावरची टोपी सरळ करत, मगच रिसीव्हर उचलत. पलीकडे युरोपातलं एक विद्यापीठ असे. महादेवरावांच्या लेखी मात्र ते व्याही होते. म्हणून सगळं कॉलेज महादेवरावांनाच ‘व्याही’ म्हणायचं.

त्याला कारण मीच. मी तेव्हा तिथे प्राचार्य होतो. मातीच्या अभ्यासासाठी त्या विद्यापीठाशी पाच वर्षांचा करार झाला. दरवर्षी आमचे दोन विद्यार्थी तिकडे जाणार होते. करारावर शिक्का मारता मारता महादेवरावांनी विचारलं, यात पोरीकडचे कोण? मी थट्टेनं म्हणालो, पाठवणार आपण, म्हणजे आपणच. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि त्या दिवसापासून पोरीकडच्यांची सगळी जबाबदारी अंगावर घेतली. तिकडून उत्तर यायला तीन आठवडे लागले की मी चिडायचो. ते म्हणत, "रुसले असतीन, साहेब. आपन नमतं घ्या."

सणावाराला फराळ जायचा. लिंबाचं लोणचं तिकडच्या विमानतळावर दोनदा जप्त झालं. तिसऱ्यांदा पोचलं, कारण महादेवरावांनी बरणीवर ‘मातीचा नमुना’ अशी चिठ्ठी लावली होती. तिकडच्या प्रयोगशाळेनं त्याची आम्लता मोजून सविस्तर अहवाल पाठवला. या जमिनीत चुना टाकावा, अशी शिफारसही होती.

एकदा तिथल्या माती विभागाच्या प्रमुख बाई चार प्राध्यापकांसह आल्या. महादेवराव त्यांना विहीणबाई म्हणत. फाटकातच पाट मांडून, पितळी परातीत त्यांनी पाहुण्यांचे पाय धुतले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाईंनी परत गेल्यावर लिहिलं, की बाहेरची रोगट माती शेतात येऊ नये म्हणून हे महाविद्यालय घेतं तेवढी काळजी आम्ही जगात कुठे पाहिली नाही. पुढच्या वर्षी आमचे शिक्षक तिकडे गेले, तेव्हा शेताच्या फाटकावर त्यांचे बूट औषधाच्या पाण्यात बुडवून घेतले गेले. हे ऐकून महादेवराव दिवसभर कॉलेजात सांगत फिरले, "त्यायनं बी आपले पाय धुतले."

आता मुद्द्याचं. पत्रं माझ्या नावानं जायची. मी मजकूर सांगे, महादेवराव तो टंकून शेवटी आपल्या मोडक्या इंग्रजीत दोन ओळी घालत. बाईंचा गुडघा कसा आहे, मुलीला नोकरी लागली का, इकडे हरभरा कसा आहे, वगैरे. मी ते न वाचता सही करत असे. आजूबाजूच्या कॉलेजांचे असे करार फोटो निघाला की संपायचे. आमचा तीनदा वाढला. तपासणी समितीनं कारण विचारलं, तेव्हा मी म्हणालो, माझा पाठपुरावा.

मग तिकडून बोलावणं आलं. इतकी वर्षं हे नातं ज्यानं जपलं, त्याचा सत्कार करायचा होता. वाचताक्षणी मला कळलं, तो कोण ते. पण लिपिकाचा पासपोर्ट वेळेत निघणार नाही, असं मी स्वतःला समजावलं आणि स्वतः गेलो.

भर व्यासपीठावर बाईंनी मानचिन्ह हातात देत विचारलं, तुमची म्हैस कशी आहे? माझ्याकडे कधीच म्हैस नव्हती. मी म्हणालो, आता बरी आहे, चालते-फिरते. सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. माझ्या कुठल्याही शोधनिबंधाला इतक्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

परत आल्यावर महादेवरावांनी माझी बॅग उचलली, काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. आम्ही दोघं निवृत्त झालो. ते मात्र महिन्यातून एकदा एसटीनं कॉलेजात येऊन पत्राच्या शेवटच्या ओळी लिहून जात.

गेल्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा मी त्यांच्या गावी, इंझोरीला गेलो. सगळं कबूल केलं. त्यांनी हसून हात हलवला.

"ठाऊक हाये, साहेब. म्हैस बरी झाली ऐकून आनंद झाला, असं विहीणबाईनं लिहिलं होतं. पन थे माही म्हैस तं तुमी जायच्या आदीच मेली होती."

"मग तुम्ही काय कळवलं?"

"तुमी तिले जित्ती सांगून आले. कॉलेजचा शब्द. मंग म्या कायले मारू तिले?"

माझं खोटं पडू नये म्हणून ती म्हैस त्यांनी पत्रांतून इतकी वर्षं जगवली. मधल्या काळात ती तीनदा व्यालीसुद्धा. एकदा तिच्या पायासाठी तिकडून मलम आलं. "मायाच गुडघ्याले लावलं," महादेवराव म्हणाले. "गुन आला."

त्या पंधरवड्यातच ते गेले. तेराव्यानंतर मी मानचिन्ह घेऊन पुन्हा इंझोरीला गेलो आणि त्यांच्या पत्नी कमलाबाईंसमोर ठेवलं. हे महादेवरावांचं आहे, म्हणालो. त्यांनी पदरानं ते पुसलं, अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"ह्याच्यावर तं तुमचंच नाव खोदलं हाये, साहेब."

मानचिन्ह परत घेऊन आलो. तिकडे बाईंना खरं काय ते कळवलं, म्हशीसकट. आणि धातूवर खोदलेलं मला खोडता येत नाही, म्हणून निदान इथे लिहून ठेवतो: महादेव किसन वानखडे, आवक-जावक लिपिक, मुक्काम इंझोरी.