भिंतीवरच्या काकू

काकूंना एक नाव होतं, पण ते रस्त्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना 'भिंतीवरच्या काकू' म्हणत. आणि काकू खरंच भिंतीवर होत्या. शहराचे दोन तुकडे करणारं लोखंडी फाटक जिथे आहे, त्याच्या अलीकडच्या शेवटच्या इमारतीवर, खिडक्या नसलेल्या बाजूला, चांगल्या तीन मजले उंच. गोळी लागून मेलेला एक तरुण मांडीवर घेतलेली आई, आणि तिच्या गालांवर घागरीएवढे अश्रू.

चित्र काकूंच्या नवऱ्याचं. तो मूळचा दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर. पहिली दंगल झाली तेव्हा अलीकडच्या लोकांच्या समितीने त्याला 'रडणारी आई' काढायला सांगितली. मेलेल्या पोराची खरी आई अंथरुणाला खिळलेली, तिला उठवणार कोण? मग पेंटरने घरातलीच बाई खुर्चीत बसवली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, पोटी मूल नव्हतं, तिने रडावं कशावरून? तो 'रड' म्हणाला की तिला हसू फुटायचं. शेवटी तो स्वयंपाकघरात गेला, कांदा चिरून आणला आणि तिच्या नाकाशी धरला.

"आता हसून दाखव," म्हणाला.

अलीकडचं अख्खं शहर ज्या अश्रूंपुढे मान झुकवायचं, ते हे असे होते.

पुढे मुलगा झाला. बोलायला लागल्यावर त्याने पहिल्यांदा विचारलं ते हेच, "आई, तू तिथे का रडतेस?" काकूंनी खरं ते सांगून टाकलं. तेव्हापासून घरात ती थट्टाच होऊन बसली. काकू रुसल्या, फुगल्या, डोळे भरून आले, की हा दारातून डोकावणार. "कांदा आणू का गं?" काकूंना हसू आवरायचं नाही.

तोच मुलगा मोठा झाला, फाटकाजवळच्या इस्पितळात विजेच्या कामाला लागला, आणि तिथल्या, फाटकापलीकडच्या एका नर्सवर जीव जडवून बसला. लग्न करून तिकडेच गेला. पेंटरने एवढंच सांगितलं, "यापुढे या घरात त्याचं नाव निघायचं नाही."

पेंटर दगडाच्या काळजाचा होता असं नव्हे, पण भित्रा होता. आधी त्यांच्याच रस्त्यावरच्या शिंप्याची मुलगी अशीच पलीकडे गेली, तिकडे वारली, आणि शिंपी दुकानात बसून ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी त्याच्या काचा फुटल्या आणि दारावर हातभर अक्षरांत 'गद्दार' उमटलं. अक्षर सुबक होतं. समितीने सांगितलं आणि पेंटरने लिहिलं, 'नाही' म्हणायची हिंमत झाली नाही. शिंपी गाव सोडून गेला.

काकू गच्चीवर कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मुलाशी फोनवर बोलत. एके दुपारी मुलाच्या नंबरावरून सून बोलली. "आई, कावीळ डोक्यात गेली... ते गेले हो." त्या आठवड्यात तणाव होता, फाटक बंद होतं. चार पावलांवरच्या पोराचं शेवटचं तोंड पाहायला आईला मिळालं नाही. ज्यांनी ते फाटक बांधलं त्यांना काय म्हणावं!

"आवाज बाहेर जाऊ देऊ नकोस," पेंटर म्हणाला आणि त्याने खिडकी लावून घेतली. पण काकूंना रडूच येईना. त्या भाजी आणत होत्या, घासाघीस करत होत्या, कुणी हटकलं तर 'बरं आहे' म्हणत होत्या. रात्री उशीत तोंड खुपसलं तरी डोळे कोरडेच. त्यांना भीती वाटू लागली, की हे असंच छातीत राहणार आणि आपण एक दिवस वेड्या होणार. पेंटर समोरच्या खाटेवर पडून बघत असायचा.

मग समितीचे अध्यक्ष आले. चित्र फिकं पडलं होतं, नव्याने रंगवायचं होतं.

"काकूंना भिंतीखाली बसवावं लागेल," पेंटर म्हणाला.

काकूंनी चमकून पाहिलं. हा माणूस दरवर्षी तो चेहरा त्यांच्याकडे न बघता उजळायचा. डोळे मिटूनही काढला असता.

"आता कशाला?" अध्यक्ष म्हणाले. "काकूंचं वय झालं."

"चित्रातल्या आईचंही होतंच की. समोर बसल्याशिवाय मला जमायचं नाही."

रस्त्यात खुर्ची मांडली. काकू भिंतीकडे तोंड करून बसायला लागल्या, तर पेंटरने खुर्ची फिरवली, फाटकाकडे. "उजेड तिकडून आहे," म्हणाला, आणि हळूच पुढे, "रड आता. कितीही मोठ्याने रड. इथे कुणी काही म्हणणार नाही."

तो बांबूच्या परांचीवर चढेपर्यंत काकू तशाच बसून होत्या. मग फाटकाच्या गजांपलीकडचा रस्ता दिसला, त्या रस्त्याने गेलेला मुलगा दिसला, आणि काकूंनी गळा काढला. "माझ्या राजा, मला न सांगता कसा रे गेलास!" रस्ता थांबला. बायका रडू लागल्या. कुणीतरी पाणी आणलं. काकूंनी ते घेतलं नाही. रडून रडून त्यांचा आवाज बसला, तरी त्या रडत होत्या.

"काय जीव ओतलाय!" अध्यक्षांनी डोळे पुसले. वर बघून ओरडले, "पेंटर, काकूंना हे जमतं तरी कसं हो?"

पेंटर भिंतीकडे तोंड करून उभा होता. तो वळला नाही.

"कांदा," म्हणाला. "चिरून दिला होता."

सगळे हसले.

संध्याकाळी तो खाली उतरला. काकू खुर्ची उचलायला गेल्या, तर त्याने खुर्चीवर हात ठेवला. "राहू दे. उद्याही बसायचंय. आज काही जमलं नाही."

त्याचा ब्रश कोरडा होता.