बटन कुणी बंद केलं?

टीव्ही दुरुस्त करणारे आप्पा घरात शिरायचे तेच भांडायला. चहा घेणार का, हे विचारायच्या आत ते विचारायचे, "बटन कुणी बंद केलं?" आतल्या दिव्यानं पडद्यावर चित्र पाडणारे ते कपाटाएवढे टीव्ही आमच्या निपाणीत मोजकेच होते आणि सगळ्यांची दुरुस्ती आप्पांच्याच हातची. मालकांना मात्र ते एकजात गुन्हेगार समजत.

गुन्हा एकच. असा टीव्ही रिमोटनं बंद केला तरी आतला पंखा दोन मिनिटं फिरून दिवा थंड करतो; त्याआधी भिंतीवरचं बटण बंद केलं, की पंखा थांबतो आणि दिवा जातो. आणि आमच्याकडं तर बाहेर पडताना भिंतीवरची सगळी बटणं बंद करायची, ही आईनं लावलेली शिस्त. आप्पा ओरडायचे, "तापल्याला दिवा हाय त्यो! त्याला दम तरी खाऊ द्याल का न्हाय?" स्वतः ते काचेला बोटही लावत नसत. धुतलेल्या रुमालात दिवा धरायचे, बसवायचे आणि त्याच्या खोक्यावर पेनानं तारीख टाकायचे. म्हणजे पुढच्या वेळी 'दिवा जुना झाला होता' ही आमची थाप चालत नसे.

माझ्या वडिलांची, अण्णांची, नजर अधू झाली. लहान पडद्यावर त्यांना नुसते डाग दिसत. या टीव्हीवर मात्र ते कुस्त्या बघत आणि बसल्या जागी डाव सांगत. गेल्या वर्षी त्याचा दिवा गेला. कंपनीला फोन केला तर पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, ते दिवे आता बनत नाहीत, नवा टीव्ही घ्या. फोन आपटावासा वाटला. ऑनलाइन मागवलेला दिवा पंधरवड्यात विझला. आप्पांनी तो खोलून माझ्या नाकासमोर धरला. "जुनाच दिवा, वरचं खोकं तेवढं नवं. लुटारू हाईत सगळे! आणि तू शिकल्याला माणूस!"

चार दिवसांनी ते न बोलावता आले. पिशवीतून दिवा काढून बसवला. कुठून आणला विचारलं, तर डाफरले, "तुला काय करायचं हाय? बटनाला हात लावलास तर हात मोडीन."

तीन महिने अण्णा खुशीत होते. मग एका सकाळी चिकोडीला लग्नाला निघायच्या घाईत मीच रिमोट दाबला आणि लगोलग सगळी बटणं बंद केली. परत येऊन टीव्ही लावला, तर आत फटकन आवाज झाला आणि पडदा काळा.

"लाइट गेली काय रं?" अण्णांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. स्वतःच्या हाताचा इतका संताप मला कधीच आला नव्हता.

आप्पांना सांगायचं धाडस झालं नाही. ते दिसले की मी गल्ली बदलायचो. दिवाळीआधी ते अचानक वारले. घरच्यांना भेटायला गेलो, तर त्यांच्या बाहेरच्या सोप्यात तसलाच टीव्ही होता, बंद, त्यावर कपड्यांच्या घड्या. त्यांच्या बायको, आक्का, म्हणाल्या, "ह्यातला दिवा काढून तुमच्याकडं न्हेला त्यांनी. मी लई भांडले. तर म्हटले, तुला डोळं हाईत, तू बारक्या टीव्हीवर बघ." मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "चालतोय न्हवं अजून?"

आप्पा असते तर मागचं झाकण उघडून त्यांनी मला सगळ्यांदेखत शिव्या घातल्या असत्या. त्या शिव्या मला हव्या होत्या.

"व्हय आक्का," मी म्हणालो, "चालतोय."