कुलूप लावलेलं आकाश

१३ नोव्हेंबर, गुरुवार. काल सुट्टी काढून माळ्यावरचे डबे घासायला घेतले. त्यात मायचा ॲल्युमिनियमचा डबा निघाला. पिंगळीच्या स्टेशनात पुण्याच्या गाडीत बसताना तिनं तो भाकरी-ठेच्यासकट माझ्या हातात दिला होता. रडारड काही नाही. "शिकून ये न्हाईतर तशीच ये, डबा मातूर वापस आन." डबा अजून माझ्याकडेच आहे.

आपल्या शाळेच्या ग्रुपवर परवा तुम्ही विचारलंत, मी इथे पुण्यात नेमकं करते काय. सांगते. काही दीर्घिकांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहांच्या, मधोमध प्रचंड कृष्णविवर असतं. त्यात पडणारा वायू एवढा तापतो की ती दीर्घिका अब्जावधी प्रकाशवर्षांवरूनही दिसते. अशा दीर्घिकांच्या जागा नि अंतरं मांडत गेलं की विश्वाची वीण कळते. सेलूच्या जिनिंगमधला कापूस हातानं ताणून बघा: कुठे गाठ, कुठे तंतू, मध्ये मोकळं. तसंच.

गेल्या महिन्यात आमच्या नकाशात मला एक भली मोठी मोकळी जागा सापडली. पुढच्या आठवड्यात परिषदेत ती मीच मांडणार होते. माझी सहकारी रेवती खूश. "मॅडम, एवढी मोठी पोकळी! आता तरी पेढे काढा."

डब्याचं बूड घासताना मला सहावीतली यादी आठवली. गावात बालवाडी कुठे काढायची, म्हणून गुरुजींनी आम्हाला गल्लीवार लहान मुलं मोजायला लावली होती. दिवाळी उलटलेली. आमची अख्खी गल्ली ऊसतोडीला गेलेली, मी मावशीकडे. दारोदार कुलपं पाहून मी पुढे शून्य लिहीत गेले. आमच्या दारापुढेही. बालवाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला निघाली.

गुढीपाडव्याला माय परतली, कडेवर धाकटी बहीण सुमन. यादीचं कळलं तशी म्हणाली, "कुलूप बघून शून्य लिवलंस व्हय? मग ही कडंवर कोन हाय?"

हात पुसून मी लॅपटॉप उघडला. आपल्याच आकाशगंगेत धूळ आहे. ती मागच्या दीर्घिकांचा उजेड अडवते. त्याची सूट आम्ही हिशेबात धरली होती, पण सगळीकडे सारखीच. आता धुळीचा बारीक नकाशा माझ्या पोकळीवर ठेवून पाहिला. सर्वांत दाट धूळ नेमकी तिथेच. पोकळी होती की नुसतं कुलूप, सांगता येईना. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मागे काय असेल, ही उत्सुकता त्याहून मोठी निघाली.

माय आता सेलूला सुमनकडे असते. पिंगळीचं घर वर्षभर बंद. लोक त्याला रिकामं म्हणतात. मी एकदा म्हणून बसलेय, पुन्हा म्हणणार नाही.

आज सकाळी मी नकाशातल्या त्या जागेवर तिरप्या रेघा मारल्या, 'अजून पाहिलेलं नाही' असं लिहिलं आणि धुळीपलीकडचं दाखवणाऱ्या अवरक्त दुर्बिणीसाठी अर्ज भरला. रेवतीला पेढे दिलेच. मग सेलूचं तिकीट काढलं आणि डबा पिशवीत घातला.