मिरचीच्या धुरात ट्रॅक्टर

आमच्या घरात मला ट्रॅक्टर चालवायची मुभा होती, पण शिवारातच. सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, तसा कायदाच होता. डांबरी रस्ता लागला की सूनबाईनं खाली उतरायचं, पुढं कुणीतरी गडीमाणूस बसंल. नव्वद-पंच्याण्णवच्या सुमाराची ही गोष्ट. नवरा लोणी देवकरला कंपनीत लागलेला. त्याची पाळी सुटेपर्यंत नांगरट मी करायची, द्राक्षबागेला औषध मी मारायचं. तितं चालतंय. पण डांबरीवर गेले की म्हणं घराण्याची अब्रू जाती! अब्रू काय टायराखाली येती व्हय? किती येळा तोंडावर आलं आणि गिळलं.

त्या दिवशी गावचा आठवडी बाजार होता. आभाळ आलेलं, बागेवर रोग पडायची भीती, म्हणून सकाळीच मोरचूद आणि चुन्याचं निळं औषध कालवून फवारणीची पाचशे लिटरची टाकी भरून ठेवली होती. दुपारी बाजाराकडनं काळा धूर उठला. एका वडेवाल्याचा स्टो भडकला आणि वरची ताडपत्री पेटली, हे मागनं कळलं. रस्त्यानं पळत येणारी माणसं ओरडत होती, "मिरचीच्या दुकानाला लागली! शेजारी रेशनचं रॉकेल हाय!"

बंब यायचा बारामतीहून, एवढ्या लांबनं. तवर रॉकेलच्या पिपांनी अख्खा बाजार नेला असता. मी ट्रॅक्टर चालू केला, मागं टाकी आणि पंप जोडलेलाच होता. डांबरी लागली तसा सवयीनं पाय ब्रेकवर गेला. इकडं तिकडं बघितलं, गडीमाणूस एक न्हाय. "खड्ड्यात गेला कायदा," म्हणलं आणि गिअर टाकला.

बाजारात माणसं हापशापासनं रांग करून घागरी, बादल्या फेकत होती, पण जवळ कुणाला जाता येत नव्हतं. पोत्यांनी मिरची जळत होती. डोळं उघडंना, ठसका थांबंना. गर्दीत आबा होते. मला बघून आगीचं भान सुटलं त्यांचं.

"उतर खाली! सगळा गाव बघतोय!"

"बघू द्या की! ट्रॅक्टर बंद झाला तर पंप बंद हुईल, आबा. हाय का कुणी हितं बसणारा? यावं त्यानं."

एकजण बी पुढं आला न्हाय. पंपाच्या नळ्या तेवढ्या बाजारातल्या दोन हमालांनी धरल्या. देवमाणसं बिचारी. मी पदर भिजवून तोंडाला बांधला आणि ट्रॅक्टर उलटा घेत दुकानाला भिडवला. निळं पाणी सुटलं. बागेचं औषध बाजाराला मारलं मी! हमाल निळे, दुकानाची फळी निळी, मी बी निळी. डोळ्यांतनं धारा लागलेल्या, छाती फुटायची बाकी होती, पण आता मेले तरी उतरायची न्हाय, असा राग डोक्यात बसला होता. भ्या वाटत होतं, न्हाय कशाला म्हणू? भ्यापेक्षा राग मोठा होता एवढंच.

टाकी निम्मी झाली तवा वस्त्यांवरनं बाकीचे ट्रॅक्टरवाले आले. कुणाचा फवारणीचा पंप, कुणाचा पाण्याचा टँकर. एकजण हसत म्हणाला, "वहिनी, सरका आता, आमी बघतो."

"तुमी त्या अंगानं बघा. हितं मी हाय."

मग टँकरमधनं माझी टाकी दोनदा भरली. तासाभरानं हमालांनी रॉकेलची पिपं गडगडत रस्त्यापलीकडं नेली. मिरचीचं दुकान गेलं, कापडाचे चार ठेले गेले. बाजार ऱ्हायला.

आठ दिवसांनी ग्रामपंचायतीनं आग विझवणाऱ्यांचा सत्कार ठेवला. टॉवेल, टोपी, नारळ. हमाल जाऊन आले, ट्रॅक्टरवाले जाऊन आले. आणि मग पुकारलं कुणाचं नाव? माझ्या नवऱ्याचं! जो त्या दुपारी कंपनीत होता. आबांनी त्याला कोपरानं ढोसलं, "जा, घिऊन ये." त्यो माझ्याकडं बघायला लागला. माझ्या अंगाची लाही झाली. मीच उठले आणि गेले.

सरपंच गडबडले. "वहिनी, ही... टोपी हाय."

"दिसतीया की मला. आग विझवणाऱ्याची हाय ना? मग आणा इकडं."

मांडवात हशा पिकला. मागनं एकजण ओरडला, "आबा, सुनेला आवरा!"

तसे आबा उठले. "तू रं? धूर बघून पयला पळालास त्यो तूच न्हवं? बस खाली!"

आता लोक त्याला हसायला लागले. मी पदरावरनं टोपी चढवली, नारळ काखेत घेतला आणि ताठ मानेनं जागेवर आले.

घरी पोचल्यावर दारातच आबांनी हात पुढं केला. "लई झालं. ती टोपी आण इकडं. अन् ट्रॅक्टरची किल्ली बी."

टोपी दिली. किल्ली दिली न्हाय.