पुराला कोट नसतो

माझ्या फोनवर तीन गावांचं हवामान दिसतं. कोल्हापूर, शिकागो आणि ह्यूस्टन. पहिलं माझं, दुसरं मी माझ्या मुलीसाठी निवडलेलं आणि तिसरं माझ्या बायकोला हवं होतं ते. बायकोला जाऊन दीड वर्ष झालं. नातीला एकदा मांडीवर घ्यायचं, एवढीच तिची इच्छा होती आणि ती माझ्यामुळे राहिली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला सज्जन वगैरे समजायला नको.

मी हायस्कुलात एकतीस वर्षं भूगोल शिकवला. अमेरिकेतली पाच मोठी सरोवरं फळ्यावर न बघता काढत असे. अमेरिकेत पाऊल कधी ठेवलं नव्हतं, पण त्यानं काही अडलं नाही. न पाहिलेल्या गावाबद्दल माणूस जास्त खात्रीनं बोलतो आणि मी तर पडलो मास्तर.

आमचं घर शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला. महापूर दोनदा घरात आला. पहिल्यांदा कमरेएवढा, दुसऱ्यांदा माझ्या पुस्तकांच्या वरच्या फळीपर्यंत. दोन्ही वेळा आम्ही बायकोच्या माहेरी, गडमुडशिंगीला जाऊन राहिलो. परत आल्यावर घरातला चिखल निघाला, भिंतीतली ओल मात्र निघाली नाही. त्या ओलीनं बायकोला दमा धरला आणि माझ्या मनात पाण्याची धास्ती बसली. कोल्हापुरात पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पंचगंगा किती फुटांवर आहे आणि राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, हेच आधी बोलतात. माझं त्याच्याही पुढं गेलं होतं. मी भर उन्हाळ्यातही पुलावर जाऊन पाणी बघून येत असे. लोक हसायचे, मी त्यांच्यावर ओरडायचो.

चार वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, मुलीचा फोन आला. ती आणि जावई तेव्हा अमेरिकेतल्या एका लहान गावात राहत होते. जावयाला दोन नोकऱ्या चालून आल्या होत्या, एक शिकागोला, एक ह्यूस्टनला. पगारात फरक नव्हता. पोरीला दिवस गेले होते, बाळ जानेवारीत व्हायचं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा आमच्याकडचा रिवाज. पण व्हिसाच्या कागदांचं काहीतरी अडकलं होतं, ती तिथून बाहेर पडली तर परत आत घेतील की नाही याची खात्री नव्हती. म्हणून बायकोनं ठरवलं की पोरगी माहेरी येत नाही तर माहेर तिच्याकडं जाईल. आमचा दोघांचा व्हिसा झालेला होता. पोरीनं विचारलं, कुठं राहावं, बाबा?

तिनं असं विचारायला नको होतं. माझ्या अंगात एकतीस वर्षांचा मास्तर एकदम उभा राहिला. त्याच दिवशी मी नकाशाचं पुस्तक काढलं, कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि मधोमध रेघ मारली. आठवडाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. शिकागोला रेल्वे आहे, गाडीवाचून अडत नाही. एवढं सरोवर आहे की पलीकडचा काठ दिसत नाही. आमचा रंकाळा तलाव त्याच्या एका कोपऱ्यात मावेल. ह्यूस्टनला काय, तर ऊन, सपाट जमीन आणि वाणसामानालासुद्धा मोटार. मग मी तिथल्या वादळांचं वाचलं. गल्ल्यांतून होड्या फिरतायत, छपरावर माणसं बसलीत, असे फोटो पाहिले. तिथंच माझं डोकं फिरलं. मी पोरीला फोन लावून पहिला प्रश्न विचारला तो असा, की तिथल्या नदीची धोक्याची पातळी किती फूट? तिला माहीत नव्हतं. ज्या गावात माणसाला नदीची पातळी माहीत नसते, तिथं माझी पोर राहणार नाही, असं मी तिला सुनावलं.

बायको समोर बसून वाकळ शिवत होती. आमच्याकडं गोधडीला वाकळ म्हणतात. बाळासाठी तिनं आपल्या दोन मऊ सुती साड्या निवडल्या होत्या, एक पिवळी, एक कोवळ्या हिरव्या रंगाची. फक्त दोन पदर, आत भर काही नाही, चारी कोपऱ्यांना लाल चिंध्यांचे तिकोन. इतकी पातळ का, असं मी विचारलं होतं, तर ती म्हणाली की उन्हाच्या गावाला एवढी पुरते. म्हणजे तिनं आपलं ठरवून टाकलं होतं.

कागदावर माझी शिकागोची बाजू खालपर्यंत भरली, तेव्हा तिनं एकच गोष्ट विचारली.

“तिकडं थंडी किती असती हो?”

मी म्हटलं, “थंडीला कोट मिळतो. पुराला कोट नसतो.”

ती सुईत दोरा ओवत राहिली. मग म्हणाली, “उन्हाच्या गावाला मी सहा म्हैनं बसतो की पोरीजवळ. थंडीचं मला झेपायचं न्हाय.” आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना अशाच बोलतात, बसतो, जातो, करतो. मी तिला सांगितलं की तिकडं घरंच गरम असतात, बाहेर कशाला जायचंय तुला. मला वाटलं, मी तिचं म्हणणं खोडून काढलं. वर्गात पोरं गप्प बसली की मला तसंच वाटायचं.

रविवारी मुलीनं व्हिडिओ कॉल केला आणि आईला विचारलं, तुझं काय म्हणणं? बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, बाबा म्हणतील तसं करा. झालं. ते शिकागोला गेले.

त्यानंतर तिनं ती वाकळ पुन्हा घेतली. माझी जुनी लोकरीची शाल, दोन विटलेले स्वेटर, जाड लुगड्याचे तुकडे, असं काय काय दोन्ही बाजूंनी लावून ती पंधरा दिवस शिवत बसली. वाकळ इतकी जड झाली की मी म्हटलं, बाळाला घालतेस की हत्तीला? ती हसली. शिकागोला निघालेल्या ओळखीच्या एका बाईंबरोबर तिनं ती पाठवून दिली. डिसेंबरात आपण जाणारच आहोत, तेव्हा घेऊन जाऊ, असं मी म्हणालो होतो. असू दे, आपल्या बॅगेत लई जागा खाती, म्हणाली. तिनं वाकळ पुढं पाठवली म्हणजे आपण जाणार नाही हे तिला कळलं होतं. तेवढंही मला उमगलं नाही.

नोव्हेंबरात छातीच्या डॉक्टरांनी तिची फुप्फुसं तपासली आणि साफ सांगितलं, विमानाला हरकत नाही, पण या छातीला तिथला जानेवारी सोसणार नाही. मी त्यांच्याशी वाद घातला. त्यांनी शांतपणे विचारलं, तिकडं दुसरीकडं कुणी आहे का, जरा उबदार भागात? बायकोनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती.

बाळंतपण जावयाच्या आईनं केलं. त्यांनी ते प्रेमानं केलं, माझं काही म्हणणं नाही. बायको रोज सकाळी फोनसमोर बसून सांगायची, तेल कोमट करा, डोकं धरा, अळिवाची खीर पातळ नको. सांगताना तिचे हात हवेत तसेच हलायचे, जणू पायांवर पोर आहे. मग फोन बंद व्हायचा आणि हात पदरात जायचे. मी पेपर पुढं धरून बसायचो.

उन्हाळ्यात जाऊ, असं ठरलं. तिकिटं निघाली आणि जायच्या आधी पंधरा दिवस ती ऑक्सिजनवर गेली. पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी विमानालाच नाही म्हटलं. म्हणजे तिला जाता येईल असा तो एकच जानेवारी होता. त्या जानेवारीनंतर दोन वर्षांनी ती गेली. पोरीचे कागद त्यानंतर तीन महिन्यांनी सुटले. आईचं सगळं तिनं फोनवरून बघितलं. फोन मीच धरला होता आणि ती सारखी म्हणत होती, बाबा, जरा जवळ न्या.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर जावयाच्या नोकरीनं त्यांना हलवलं, ह्यूस्टनला. या जानेवारीत मी एकटाच गेलो. विमान शिकागोला बदलायचं होतं. मधे वेळ होता, म्हणून हट्टानं विमानतळाच्या दाराबाहेर जाऊन उभा राहिलो. बर्फ मी फळ्यावर शिकवलेला होता. पण त्या वाऱ्यानं माझा श्वासच धरला. मला दमा नाही, तरी दोन मिनिटांत आत पळालो आणि काचेला टेकून उभा राहिलो. त्याच संध्याकाळी ह्यूस्टनला उतरलो तेव्हा कोट हातावर होता.

पोरगी म्हणते, राहायला शिकागोच बरं होतं. तिथं ती बाळाला घेऊन पायी बागेत जायची, रेल्वेनं कुठंही फिरायची. इथं कोथिंबीर आणायलाही मोटार काढावी लागते आणि उन्हाळ्यात तर बाहेर पडवत नाही. गाव म्हणून बघितलं तर कॅलेंडरच्या पानावर मी लिहिलेलं सगळं बरोबर होतं. ते बरोबर घेऊन मी आता कुठं जाऊ?

जानेवारीतल्या त्या कोवळ्या उन्हात मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून त्यांच्या परसात बसायचो. आपल्याकडच्या कुणाकुणाच्या आया साडीवर कॅनव्हासचे बूट घालून चालायला निघालेल्या दिसायच्या. एक बाई रोज नातवंडाला कडेवर घेऊन कुंपणाशी थांबायच्या आणि हात करायच्या. मी आत निघून जायचो. मला त्यांचा राग यायचा, उगीच.

एकदा नात वाकळ ओढत आली. तीन फुटी पोर आणि ते एवढं ओझं. शिकागोत ती त्यातच झोपायची, इथं त्यात घामाघूम व्हायची, पण सोडायची नाही. मुलगी म्हणाली, बाबा, वरचे पदर उसवूया का? आम्ही दोघं परसात बसून टाके कापू लागलो. माझी शाल निघाली, स्वेटर निघाले, लुगड्याचे तुकडे निघाले. आत ती पहिली वाकळ होती, पिवळी-हिरवी, चारी कोपऱ्यांच्या लाल तिकोनांसकट, अख्खी. मला वाटलं होतं, तिनं ती उसवून भर घातली. तिनं तिला धक्का लावला नव्हता. बाहेरूनच गुंडाळून शिवली होती.

पोरीच्या हातातली कात्री थांबली. ती म्हणाली की त्या रविवारनंतर तिनं आईला परत फोन केला होता, मी घरी नसताना. आई, तुला यायचंय ना, मग आम्ही ह्यूस्टनच घेतो, बाबांना मी समजावते, असं तिनं सांगितलं. आई तेव्हा काय बोलली, ते तिनं मला जसंच्या तसं सांगितलं.

“नगं. तुझ्या बाबास्नी पाण्याची धास्ती बसलीया. तू तिकडं असलीस तर पावसाळाभर त्यांचा डोळा लागायचा न्हाय. माझं काय, मी फोनवर बघतो की पोरीला.”

नात ती पातळ वाकळ घेऊन उन्हात लोळत होती. मी तिला उचलून मांडीवर घेतलं. तिला खाली उतरायचं होतं, मी सोडलं नाही, मग ती रडली.

आता मी परत शुक्रवार पेठेत आहे. उसवलेले पदर मी बरोबर आणले, ते बायकोच्या कपाटात आहेत. चार दिवस पाऊस लागलाय. सकाळी शेजाऱ्यानं गल्लीतून विचारलं, “मास्तर, पाणी किती फुटावर हाय?” मला माहीत नव्हतं. त्यालाच नवल वाटलं.

तिनं आपली नात सोडली ती मला झोप लागावी म्हणून. आणि मला झोप लागली. खरं तेच आहे. पोर शिकागोला असतानाचे चारही पावसाळे मी गाढ झोपलो.