गळ टाकण्याआधी

"हरपली म्हनू नका, पडली म्हना," गळवाले बाबा सांगायचे. "हरपल्याले जागा नसते, पडल्याले असते."

मग ते विहिरीच्या काठावर पालथे पडत, दोर दोन बोटांत धरत आणि डोळे मिटून घेत. खाली गळ फिरत असे. गळ म्हणजे लोखंडी आकड्यांचा झुबका. दोराला बांधून तो तळाशी सोडायचा, फिरवायचा, आणि काही अडकलं की अलगद वर घ्यायचं. ज्या बाईचं भांडं पडलेलं असे ती पदर तोंडाशी धरून उभी. बराच वेळ काहीच होत नसे. मग बाबा डोळे न उघडता म्हणत, "हाय." नाहीतर म्हणत, "नाई." त्यांच्या धंद्यात याहून जास्त बोलण्यासारखं काही नव्हतं.

आसेगावात माझं दुकान होतं. दोर, बादल्या, कंदील, खिळे, मीठ, मिरची. तेव्हा आमचा भाग अकोला जिल्ह्यात मोडे आणि नळ ही आम्ही फक्त ऐकलेली गोष्ट होती. पाणी शेंदायचं म्हटलं की भांडी पडणारच. बाबा नसते तर मी नुसत्या बादल्या विकून माडी बांधली असती. एखादी बाई रडकुंडीला येऊन दुकानाशी उभी राहायची, मी नवी बादली खाली काढायचो, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणायचं, "बाबाले बलाव ना." की माझी बादली परत खिळ्याला.

"बाबा, तुमी माह्या पोटावर पाय देता," असं मी त्यांना तोंडावर म्हणायचो.

"दोर तं तुह्याच दुकानातला वापरतो ना, शेट?"

हे मात्र खरं होतं. गळाचा दोर ते माझ्याकडूनच घेत, आणि घेताना सगळा उलगडून, हातभर हातभर ओढून बघत. गावातल्या सगळ्यात खोल विहिरीच्या तळाला टेकून वर वेटोळं उरेल एवढा दोर ते नेत. त्याहून आखूड त्यांना चालत नसे.

गळ टाकण्याआधी चौकशी करायची त्यांना खोड होती. एकदा एका घरची पितळी कळशी गेली. सासू म्हणे सुनेनं विहिरीत पाडली, सून म्हणे मी हातही लावला नाही. बाबा विहिरीशी गेलेच नाहीत. त्यांनी त्या घरचा शेंदायचा दोर मागवला आणि हातात घेऊन चाचपला. "हा तं कोरडा खट हाय," ते म्हणाले. "आज या घरचं कोनी इहिरीवर गेलंच नाई. कळशी काय पायानं चालत गेली?" मग थोडं आठवल्यावर सासऱ्यानं जीभ चावली. इंझोरीच्या लग्नाला त्यानंच ती कोणाला तरी दिली होती. सून भिंतीकडे तोंड करून हसत होती. सासूला त्या दिवशी काम फार होतं.

आता भांड्याचं सोडा. तुम्ही खेड्यात राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, घरातलं माणूस दिसेनासं झालं की लोक आधी विहिरीकडे धावतात. त्यात ती सून असली तर बोलायलाच नको. अशा वेळीही बाबांनाच बोलावणं यायचं. ते येत, विहिरीकडे न बघता घराच्या दाराशी उभे राहत आणि म्हणत, "तिची फनी आना."

लोकांना वाटे, हा काही तोडगा असेल. फणी पाण्याला दाखवली की माणूस लवकर वर येतं असं एका म्हातारीनं मला समजावूनही सांगितलं होतं. वरच्या आळीतली एक सून नाहीशी झाली तेव्हा मी पाहिलं, कोणीतरी पळत जाऊन कोनाड्यातली फणी आणली. बाबांनी ती हातात घेतली आणि त्यांचा चेहरा पडला. फणी त्यांनी काठावर ठेवली, गळ सोडला, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "हाय." फणी मिळाली तर काम सोपं होतं ना, मग यांना वाईट कशाचं वाटलं, असं तेव्हा मला वाटून गेलं होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या दुकानामागच्या घरची थोरली सून सकाळी पाण्याला गेली ती आलीच नाही. विहिरीच्या काठावर घागर होती, चुंबळ होती, ती नव्हती. त्या घरात तिला मार होता. साऱ्या आळीला तो ऐकू यायचा आणि सारी आळी आपापली भाकरी थापत राहायची. माझंही दुकान चालूच असायचं. याआधी दोनदा ती भावाकडे निघाली होती. भाऊ कारंज्याला कापसाच्या जिनात कामाला होता. दोन्ही वेळा नवऱ्यानं बैलगाडी जुंपून तिला वाटेतून परत आणलं, आणि त्यानंतर काय झालं ते आम्ही भिंतीतून ऐकलं. दुसऱ्या वेळी तर तो ओट्यावर उभा राहून सगळ्यांना ऐकवून म्हणाला होता, "आता निघाली तं पाय तोडतो."

आजही गाडी जुंपलेली होती. पण पाटील म्हणाले, "आधी इहीर पाहू, मंग रस्ता."

बाबा आले. दाराशी उभे राहून म्हणाले, "फनी आना."

धाकटी जाऊ आत गेली. बाहेर आली ती मान खाली घालून. मी जवळच उभा होतो म्हणून मला ऐकू आलं. ती हळूच म्हणाली, "फनी नाई दिसत, बाबा. कुकवाचा करंडाबी नाई."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बरं, राहू द्या. फनीबिगर काढतो."

आणि विहिरीवर जाऊन पालथे पडले.

इतका वेळ गळ फिरवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आधी एक कोपरा, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. मधेच म्हणत, "थांबा, काईतरी लागलं." सगळे पुढे झुकत, नवरासुद्धा, आणि वर येई एखादी चेपलेली बादली. मग एक गंजलेला विळा आला. एक घंटी आली. कोणाचा तरी पितळी तांब्या आला, तर गर्दीतली एक बाई माणूस मेल्याचं विसरून म्हणाली, "अगंबाई, हा तं आमचा." दुसरी म्हणाली, तुमचा कशावरून? तिथंच त्यांची जुंपली. बाबांनी दोघींचं ऐकून घेतलं, शांतपणे, खुणा विचारत. पाटीलही न्याय करायला बसले.

मग बाबांनी मान वर करून मला हाक मारली. "शेट, दोर पुरून नाई राह्यला. दुकानातून दुसरा आन."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. दोर मी विकला होता. तो तळाला टेकून वर वेटोळं उरत होतं, आणि ते वेटोळं बाबांच्या पोटाखाली होतं.

"सावकाश आन," ते म्हणाले. "घाई नाई."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जीव द्यायला निघालेली बाई फणी आणि करंडा कशाला घेईल? शेलूबाजारहून कारंज्याची मोटर शाळा सुटायच्या सुमाराला निघायची. माझा माल त्याच मोटरनं येई, म्हणून मला ते पाठ होतं, आणि बाबांना माझ्यामुळे. मी दुकानात गेलो. दोर समोरच होता. मी हात धुऊन जेवायला बसलो. बायको म्हणाली, तिकडं माणूस बुडालंय आणि तुमाले भाकर गोड कशी लागते? मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

दोर घेऊन गेलो तर बाबांनी तो हातभर हातभर ओढून पाहिला. मग जोडला. गाठ पसंत पडली नाही म्हणून सोडली, पुन्हा बांधली. नवरा चिडून म्हणाला, "बाबा, काय करून राह्यले तुमी?"

"मानूस हाय, बापू. बादली नोहे," बाबा म्हणाले.

शाळेची घंटा झाली. पोरं ओरडत बाहेर पडली. बाबांनी गळ वर ओढून घेतला, अंगावरची माती झटकली आणि म्हणाले, "नाई."

गाडी मग निघाली, पण उपयोग नव्हता. काही दिवसांनी कारंज्याहून भाऊ चार माणसं घेऊन आला, पाटलांच्या ओट्यावर बोलणी झाली आणि फारकत झाली. ती आली नव्हती. बाबा त्या बैठकीला गेले नाहीत.

मी त्यांना नंतर विचारलं, "तुमाले आधीच ठाऊक होतं ना?"

"गळ टाकल्याबिगर कसं समजन?" ते हसून म्हणाले. मग दोर गुंडाळायला लागले. "वरच्या आळीतली पोर आठवते तुले? ती एकदा इंझोरीले मावशीच्या घरी जाऊन लपली होती. म्याच शोधली. म्याच आनून देल्ली. लय शाबासकी भेटली मले." त्यांनी दोराचं वेटोळं मांडीवर घेतलं. "मंग महिन्याभरानं पुन्हा म्याच काढली."

त्यांच्यासाठी माझा जीव तुटला.

त्या थंडीत बाबा गेले. मागं-पुढं कोणी नव्हतं, म्हणून गळ मी दुकानात आणून खिळ्याला अडकवला. त्या वर्षी माझ्या बादल्या कधी नव्हत्या एवढ्या खपल्या. विकताना बरं वाटलं नाही.

पाच-सहा वर्षांनी भर दुपारी एक बाई दुकानाशी आली. बरोबर लहान पोरगी होती. "गळवाले बाबा कुठं राह्यतात जी?"

बाबा गेल्याचं मी सांगितलं. डोळे भरले तिचे, ते तिनं लपवले नाहीत. "जावंनं सांगतलं मले," ती म्हणाली. "दिवसभर गळ फिरवला म्हने." मग विचारलं, "तो गळ कोनापाशी हाय?"

मी बोट दाखवलं. तिनं पिशवीतून लाकडी करंडा काढला, आणि मग मी तिला ओळखलं. दसऱ्याला हत्याराला लावतात तसं तिनं गळाच्या एकेका आकड्याला कुंकू लावलं आणि हात जोडले.

"हे काय होय, माय?" पोरीनं विचारलं.

"मले शोधाले हे इहिरीत टाकलं होतं."

"मंग तू सापडली का?"

"नाई," ती म्हणाली, आणि पोरीचं बोट धरून शेलूबाजारच्या वाटेला लागली.